न बोललेल्यांची मते

हुकूमशाहीला खरोखर लोकमान्यता असते, की ती केवळ धाकावर टिकते, असे आपण विचारले आहे. मी बांद्याचा, पोर्तुगीज गोव्याची पत्रादेवीची जुनी हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीवरूनच उत्तर देतो.

धाक होताच, पण सालाझार वर आला तो हिशेबाच्या जोरावर. १९२८ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर त्याने वर्षभरात तुटीचा अर्थसंकल्प सावरला आणि सरकारांच्या सततच्या पडझडीला कंटाळलेल्या अनेकांना तो मनापासून हवासा वाटला. ही मान्यता कमावलेली होती, हे नाकारता येत नाही. पुढे मात्र ती कागदावर दाखवण्याची सोय झाली. १९३३ मध्ये राज्यघटनेवर सार्वमत घेतले, तेव्हा मतदानाला न आलेल्यांचीही मते घटनेच्या बाजूने धरली गेली. त्या राजवटीची खरी मेख मला इथे दिसते: जो बोलला नाही, त्याचा होकार.

मग कोणी बोलू नये, एवढीच व्यवस्था पाहायची उरते. आमच्या आजीचे माहेर गोव्यातल्या पेडण्याचे. तिकडे लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, असे ती सांगायची, तेव्हा मुहूर्त आणि कुलदेवतेचे नाव यांत सरकारला काय सापडणार, असे मला वाटे. आता वाटते, काही सापडावे हा हेतूच नसावा. साध्या पत्रिकेलाही परवानगी मागायची सवय लागली, की शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही आणि जो तो समजतो की नाराज आहे तो आपण एकटाच. म्हणूनच १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडून उभे राहिलेल्या राममनोहर लोहियांना लगेच अटक झाली, तरी त्या सभेचे मोल उणावत नाही; जमलेल्यांनी त्या दिवशी एकमेकांना पाहिले.



खुद्द पोर्तुगालमध्ये १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार उम्बेर्तू देलगादू यांना सरकारी मोजणीतही सुमारे पाव मते पडली. पुढच्याच वर्षी त्या पदाची थेट निवडणूक रद्द करण्यात आली. आपल्याला लोक मानतात अशी खात्री असलेले सरकार असे करीत नाही.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातील अधिकाऱ्यांनी या राजवटीविरुद्ध उठाव केला आणि लोकांनी घरातच थांबावे, असे रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगितले. लोक थांबले नाहीत. हजारोंनी रस्त्यावर उतरले.