मामांच्या जुन्या मॅसीवर चाचणी द्यायची तर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

घरचा छोटा ट्रॅक्टर द्राक्षांवर औषध मारायच्या ब्लोअरला जुंपलेला, बाबा तो एका दिवसासाठीही सोडायला तयार नाहीत, आणि लायसन्सच्या चाचणीसाठी आरटीओची तारीख तर घेऊन झाली. म्हणून चाचणीला मामांची जुनी मॅसी, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, न्यायची ठरलीय, हे कळलं. बाबांवर रुसू नकोस. छाटणी होऊन बागेत कोवळी फूट असताना आभाळ आलं, तर डाऊनी हा बुरशीचा रोग कोणासाठी थांबत नाही.

एवढ्या थोड्या दिवसांत हात बसेल का, असं तू विचारलंस. हाताची मला काळजी नाही. दोन ओळींमधून ब्लोअर घेऊन एकाही तारेला न लागता तू बाहेर पडतेस, हे मी पाहिलंय. काळजी आहे ती तुझ्या पायांना लागलेल्या सवयींची. ज्याला मुळीच येत नाही तो प्रत्येक पेडलकडे बघून पाय ठेवतो. तुला येतं, त्यामुळे तुझा पाय तुला न विचारताच जातो.

ब्रेकचंच घे. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, हे तुला सांगायला नको. ओळीच्या टोकाला जागा अपुरी पडते, म्हणून तू डावीकडे वळताना डावा, उजवीकडे वळताना उजवा एकटाच दाबतेस आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी फिरतो. बागेत ते बरोबरच आहे. पेठ रोडवर तीच गोष्ट जिवावर बेतेल. ताशी वीस-बावीसच्या वेगात एकच चाक धरलं की ट्रॅक्टर त्या बाजूला झेपावतो, आणि या जुन्या ट्रॅक्टरवर ना उलटल्यावर वाचवणारा रोल बार ना सीटबेल्ट. दोन्ही पेडलं एकत्र दाबली जावीत म्हणून त्यांना जोडणारी एक खिट्टी असते. मामांकडे ती जागेवर आहे का, ते आधी बघ. जुन्या ट्रॅक्टरांची ती बऱ्याचदा हरवलेली असते, नाहीतर तारेनं बाजूला बांधून ठेवलेली असते, कारण शेतात ती कोणालाच नको असते. नसेल तर मेस्त्रीकडून बसवून घे. खिट्टी लावल्यावरही दोन्ही चाकं सारखी धरतात का, ते मोकळ्या खळ्यावर तपास. हळू वेगात सरळ जा, पेडल दाब, खाली उतर आणि मातीतल्या खुणा बघ. एका बाजूची खूण लांब असेल किंवा ट्रॅक्टरचं तोंड एकीकडे वळलं असेल, तर ब्रेक ॲडजस्ट करायला हवेत. "इतकी वर्षं असंच चालतंय की," असं मामा म्हणतील. म्हणू देत.

पहिल्या दिवशी इंजिन चालूच करू नकोस. नुसती वर बस आणि सीट पुढेमागे करून बघ. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून जेमतेम पोचत असेल, तर थोड्याच वेळात पोटरी थरथरायला लागेल आणि क्लच एकदम सुटेल. सीट गंजून बसली असेल तर पाठीमागे घट्ट उशी बांध. क्लच ड्युअल आहे का, हे मामांना विचार. ड्युअल क्लच दोन टप्प्यांत जातो: पहिल्यात चाकांकडे जाणारी ताकद तुटते, दुसऱ्यात पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची. मध्येच पायाला जो जडपणा जाणवतो तो तळ नव्हे. गिअर टाकायला पहिला टप्पा पुरतो, पण तो पुरता दाबला गेला पाहिजे.

गिअरचे दांडे दोन्ही पायांच्या मध्ये आहेत. एकावर तीन पुढचे आणि एक मागचा, दुसरा हाय-लोचा, म्हणजे जास्त-कमी वेगाचा. असे मिळून सहा पुढचे आणि दोन मागचे. मुठीवरचे आकडे घासून गेले असतील, तेव्हा मामांकडून एकदा समजून घे आणि मग खाली न बघता हात फिरवत राहा.

चालू-बंद करताना दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दांडा न्यूट्रलला नसेल तर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरू नये, अशी सोय या ट्रॅक्टरांत कंपनीनंच दिलेली असते. पण जुन्या ट्रॅक्टरवर तो स्विच बिघडला की वायरमन दोन तारा सरळ जोडून देतो आणि पुढं कोणी बघत नाही. मग गिअरमध्ये असतानाही सेल्फ फिरतो आणि ट्रॅक्टर समोरच्याच्या अंगावर जातो. म्हणून स्विचवर विसंबू नकोस. दांडा हातानं हलवून न्यूट्रलची खात्री करायची, क्लच पूर्ण दाबायचा आणि मगच किल्ली फिरवायची. चाचणी घेणाऱ्या साहेबांना हेच बघायचं असतं. इंजिन चालू करण्याआधी घ्यायची काळजी हा चाचणीच्या नियमातलाच एक मुद्दा आहे. खाली उभं राहून, मडगार्डवरून हात घालून कधीही सेल्फ मारू नकोस, मामा तसं करत असले तरी.

दुसरी गोष्ट बंद करण्याची. किल्ली बंद केली तरी जुनं डिझेल इंजिन चालूच राहतं. डिझेल तोडणारी स्टॉपची नॉब ओढावी लागते. चाचणी संपल्यावर किल्ली काढून हातात घ्यायची आणि इंजिन मात्र धडधडतच राहायचं, असा गोंधळ तिथं नको.

आता चढ. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीत काय काय बघायचं ते लिहिलंय. त्यात चढावर गाडी थांबवून, मागे अजिबात न सरकता पुन्हा पुढे नेणं आहे. सगळे याला घाबरतात. खरं सांगू का, जुन्या ट्रॅक्टरवर हे कारपेक्षा सोपं आहे, कारण रेस हातानं लावता येते. उजवा पाय ब्रेकवर तसाच ठेव. हातानं रेस थोडी वाढव. पहिल्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडत जा. इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित थरथरलं, की ट्रॅक्टरनं भार घेतला. आता ब्रेक सोड. घाई फक्त एकाच गोष्टीची करायची नाही, ती म्हणजे क्लच सोडण्याची. लो गिअरमध्ये मागच्या चाकांना प्रचंड ओढ असते. चढावर रेस देऊन क्लच झटकन सोडला तर चाकं फिरण्याऐवजी पुढचं तोंड वर उठतं, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदही पुष्कळ होतो. तोंड हलकं झाल्यासारखं वाटलं की पहिल्यांदा क्लच दाब.

उतरताना उलट शिस्त. उतार दिसला की वरच गिअर ठरवून टाकायचा आणि तोच ठेवायचा. अशा जुन्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे चालत्यात गिअर अलगद बसवणारी सोय, नसतो. उतारावर खालचा गिअर टाकायला गेलीस आणि तो खरखरून बसलाच नाही, तर तू न्यूट्रलमध्ये वेग घेत खाली जाशील. डिझेल वाचवायला सावळघाटात न्यूट्रल मारून उतरणारे आहेत. त्यांच्याकडून काही शिकू नकोस. सपाटीवर गिअर वाढवताना न्यूट्रलला क्षणभर थांबून मग पुढं ढकल. उतरवताना न्यूट्रलला आण, क्लच सोड, जरा रेस दे, पुन्हा क्लच दाबून गिअर टाक. खळ्यावर हे करून बघ. नाहीच बसला तर दामटू नकोस, थांब आणि टाक. गिअर खरखरवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

स्टेअरिंग पॉवरचं नाही. उभ्या ट्रॅक्टरचं चाक वळवायला जाशील तर खांदे भरून येतील. थोडं चालतं ठेवूनच वळव. अंगठे चाकाच्या आत अडकवू नकोस, बोटांबरोबर बाहेरूनच ठेव. पुढचं चाक दगडावर चढलं की स्टेअरिंग फटकन उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणाही, जास्त असेल, म्हणून रिव्हर्सचा सराव जास्त कर. ठरलेल्या अरुंद जागेत मागे घेणं चाचणीत आहेच. त्या वेळी मान वळवून मागे बघ, नुसत्या आरशावर राहू नकोस. आरसा मात्र हवाच. तो नीट लावून घेणं ही नियमातली पहिलीच पायरी आहे, आणि मामांच्या ट्रॅक्टरला आरसा असल्याचं मला आठवत नाही.

इंडिकेटर बंद असतील तर हाताचे इशारे लागतील, चालू असले तरी विचारतील. उजवीकडे वळायला उजवा हात आडवा बाहेर, तळवा समोर. डावीकडे वळायला तोच हात लांब करून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. वेग कमी करायला हात आडवा, तळवा जमिनीकडे, वरखाली. थांबताना कोपरापासून हात उभा. अवजड स्टेअरिंग एका हातानं धरून हे करायचंय, तेव्हा बसल्या जागी पाठ करून भागणार नाही.

ओढणी घरी ठेव. चाचणीला अवजार नसलं तरी पीटीओचं झाकण बहुतेक गेलेलं असेल, आणि सरावात कोणी ना कोणी पीटीओ चालू करून दाखवतंच. पुढेमागे पांढऱ्यावर लाल एलची पाटी लाव. सराव खळ्यावर नाहीतर गावच्या मैदानावर, हायवेवर नाही. चाचणीच्या दिवशी आरटीओपर्यंत ट्रॅक्टर मामा चालवत आणतील, तू वेगळी ये. मडगार्ड ही बसायची जागा नाही. आदल्या संध्याकाळी टाकी भरून घे, डिझेल संपून लाईनीत हवा शिरली तर मैदानावर पाना घेऊन बसावं लागेल. निफाडकडची थंडी पडली असेल तर सकाळी लवकर उठून एकदा चालू करून बघ.

नापास झालीस तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, लर्निंग सहा महिने चालतं. तेव्हा एवढ्यातेवढ्याला घाबरू नकोस.

कागदांचं मात्र आजच बघ. अर्जात कोणता वर्ग निवडलाय आणि त्याला ट्रॅक्टर चालतो का, हे खिडकीवर विचारून ठेव. इन्शुरन्स चालू आहे का ते बघ. आणि आरसी बुक काढ. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं वाहन दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. शेतातून बाहेर न पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे हमखास राहून जातं. मुदत गेली असेल तर तो ट्रॅक्टर चाचणीला नेण्यात अर्थ नाही, तारीखच पुढची घ्यावी लागेल. आरसीचा आणि ब्रेकच्या खिट्टीचा फोटो मला रात्री पाठव.

तुझा,
काका