विचारा बिनधास्त: ट्राउट विकत मिळत नाही, धरावा लागतो

प्रश्न (एक वाचक, पेडणे): आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. जून-जुलैत पाऊस आणि धंदा एकदम थंड, म्हणून तेव्हाच न्यूझीलंडला जायचं ठरवतोय. मी, बायको, बहीण आणि भावोजी असे चौघं. मोटरहोम भाड्याने घ्यायची, डोंगरातून फिरायचं, आणि नदी दिसली की गाडी लावून गळ टाकायचा. मला गरीचा नाद लहानपणापासून, तेरेखोलच्या तोंडावर चणक, तांबसो धरलेत. दहा-बारा दिवसांत दोन्ही बेटं होतील का? आणि चोर्ला घाटाची सवय असलेल्याला तिथले रस्ते जड जातील का?

उत्तर: जून-जुलै आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात त्यामुळे हेच मोकळे दिवस असं आपल्या अंगवळणी पडलंय, पण तिकडे तेव्हा भर हिवाळा असतो, घाटात बर्फ, चाकांना साखळ्या, आणि तुमच्यासाठी सगळ्यात वाईट म्हणजे ट्राउट (तिथल्या नद्या-तळ्यांतला गोड्या पाण्याचा मासा) तेव्हा अंडी घालायला वर चढतो म्हणून बऱ्याच नद्या बंद असतात. दक्षिण बेटावर बहुतेक नद्यांचा सीझन १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा, पण गेस्टहाऊसवाल्याला ऐन सीझनला कुलूप लाव म्हणणं म्हणजे थट्टाच. म्हणून माझं मत एप्रिल. आपल्याकडे पर्यटक ओसरायला लागलेले असतात, तिकडे झाडं पिवळी-तांबडी झालेली असतात, नद्या अजून उघड्या. ईस्टरचे दिवस तेवढे टाळा, कॅम्पिंगच्या जागा भरतात. रात्री मात्र कुडकुडायला होईल, गाडीत हीटर आहे ना ते बुक करतानाच विचारा.

दोन्ही बेटं? नको हो. वेलिंग्टन ते पिक्टन फेरीलाच साडेतीन तास लागतात, फेरीवर मोटरहोमचं भाडं गाडीच्या लांबीवर, आणि अर्धे दिवस गाडीतच जाणार. फक्त दक्षिण बेट करा. क्राइस्टचर्चला गाडी घ्यायची, टेकापो, तिथून ट्वायझल, आणि ट्वायझलला मुक्काम ठोका, एक रात्र नाही, चांगल्या तीन-चार.

का ते सांगतो. तिथे वीज प्रकल्पाचे कालवे आहेत, टेकापो, पुकाकी, ओहाऊ. सरळ रेषेत जाणारं निळसर-हिरवं पाणी (हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात असतं म्हणून हा रंग), आणि त्यात मध्येच सॅमन पाळायचे पिंजरे. पिंजऱ्यातून निसटलेलं खाद्य खायला खालच्या बाजूला ट्राउट टपून बसलेले असतात आणि आयतं खाऊन खाऊन अशक्य फुगतात. २०२० साली ओहाऊच्या कालव्यात २० किलोच्या वर भरलेला ब्राउन ट्राउट सापडला आणि तो जागतिक विक्रम ठरला. पिंजऱ्याजवळच्या जागेला गर्दी असते, लोक ओळीने उभे, अगदी आपल्या पुलावर संध्याकाळी गरी घेऊन उभे असतात तसेच. काही जाणकार नाक मुरडतात, म्हणतात ही काय फिशिंग, हे तर पोल्ट्रीतली कोंबडी धरणं. असेल. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच हात साफ करावा, डोंगरातल्या नितळ नदीत ट्राउटला तुमची सावली जरी दिसली तरी तो पसार होतो.

पुढे ओमारामावरून ९७१ मीटरची लिंडिस खिंड, मग वानाका, तिथून हास्ट खिंड उतरून पश्चिम किनारा, आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च. पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाची चिलटं अशी चावतात की आपले डास सज्जन वाटावेत, लांब बाह्यांचे कपडे ठेवा. मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) करायचंच असेल तर 'ते अनाउ' गावात मोटरहोम ठेवून बसने जा, त्या रस्त्यावर बघण्यासारखं इतकं आहे की चालवणाऱ्यावर अन्यायच होतो.

आता "नदी दिसली की गाडी लावली" हे तिथे चालत नाही. फुकट रात्र काढायला मुभा असलेल्या बऱ्याच जागांवर गाडी सेल्फ-कंटेन्ड लागते, म्हणजे पाणी, सांडपाण्याची टाकी, कचरा सगळं आत, आणि २०२३ च्या कायद्यापासून टॉयलेटही पक्कं बसवलेलं हवं, सीटखालून ओढून काढायचं चालत नाही. नवीन नियमात बसणाऱ्या गाडीवर हिरवं कार्ड असतं, भाड्याची गाडी ताब्यात घेताना ते आहे का बघा. जागेवर बोर्ड वाचा, नसलं तर पैसे भरून हॉलिडे पार्कमध्ये जा. आणि टॉयलेटची टाकी डंप स्टेशनवर आपणच रिकामी करायची असते, ते काम कोणाचं हे घरूनच ठरवून निघा, भावोजी असले तरी.

मासे धरायचं लायसन्स माणशी एक. बायकोच्या हातात गळ दिला की तिचंही हवं. 'फिश अँड गेम' या तिथल्या संस्थेचं असतं, ऑनलाइन मिळतं, परदेशी माणसाचा दर वेगळा. फॅमिली लायसन्स फक्त तिथे राहणाऱ्यांना. काही नाजूक नद्यांना वरून आणखी वेगळं लायसन्स लागतं. नियम भागागणिक बदलतात, बऱ्याच ठिकाणी सुंगटं लावून बसणं चालतच नाही, फक्त फ्लाय (पिसा-दोऱ्याचा खोटा किडा) नाहीतर स्पिनर (पाण्यात फिरणारा चकचकीत पत्रा). समुद्रात मात्र लायसन्स नाही, किती मासे न्यायचे आणि केवढे त्याचे नियम आहेत.

गाडी चालवायचं म्हणाल तर आपल्यासारखीच डाव्या बाजूने. आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, सहा हजार किलोपर्यंतची गाडी साध्या कार लायसन्सवर. साडेतीन हजार किलोच्या वरची असेल तर मोकळ्या रस्त्यावरही नव्वदच्या वर जायचं नाही. चोर्ल्याची सवय उपयोगी, खालच्या गिअरमध्ये उतरणं वगैरे. पण वळणावर हॉर्न मारून ओव्हरटेक करायची सवय दाबोळी नाहीतर मोपालाच सोडून जा. एकपदरी पूल खूप आहेत, तुमच्या बाजूच्या बोर्डावर छोटा लाल बाण असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्या तुंबल्या तर बाजूला घेऊन सोडायच्या.

प्रश्न (एक वाचक, डिचोली): घरातला रॉड, गमबूट नेले तर चालतील ना? आणि वाटेत खायला सुकी सुंगटं, सोलं, लोणचं?

उत्तर: रॉड न्या, पण धुवून, खडखडीत सुकवून. बुटाला आपल्या ओहळाचा चिखल लागलेला असेल तर विमानतळावरच अडकाल. २००४ साली तिथल्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, तेव्हापासून एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना सामान तपासा, धुवा, सुकवा हा नियम. पाण्यात उतरायचे फेल्ट तळाचे बूट तर ट्राउटच्या पाण्यात बंदच आहेत, कारण ते ओलावा धरून ठेवतात. तेव्हा बूट तिथेच भाड्याने घ्या.

खायच्या वस्तूंचं म्हणजे, फॉर्मवर सगळं लिहा. सोलं लिहा, लोणचं लिहा, मसाला लिहा. लिहिलंत आणि त्यांना नको असेल तर काढून टाकतील, एवढंच. लपवलंत आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध अजिबात नेऊ नका. सुक्या सुंगटांच्या वासाने त्यांचा कुत्रा तुमच्या बॅगेजवळ बसकण मारेल हे वेगळं सांगायला नको, शिवाय मोटरहोममध्ये भाजलीत तर गाद्यांचा वास गाडी परत देईपर्यंत जाणार नाही, क्लीनिंग चार्ज पडेल.

प्रश्न (एक वाचक, म्हापसा): आम्ही गळ टाकणारे नाही, नुसते खाणारे. हॉटेलात ट्राउट मिळतो का, आणि चवीला कसा?

उत्तर: हॉटेलात नाही, बाजारातही नाही. तिथे ट्राउट विकायला बंदी आहे, धरायचा आणि खायचा, नाहीतर कोणीतरी फुकट द्यायचा. तुम्ही धरून नेलात तर काही हॉटेलवाले शिजवून देतात. हा मासा मुळात तिथला नाहीच, १८६७ च्या सुमारास टास्मानियातून अंडी आणून सोडली. चव आपल्या इसवणाची अपेक्षा करून गेलात तर फिकी वाटेल, गोड्या पाण्यातला मासा तो. मीठ, हळद, तिखट लावून वर रवा घोळवून तळा, चालून जातो. आणि पदरी काहीच पडलं नाही तर ट्वायझलजवळच्या सॅमन फार्मवर ताजा सॅमन विकत मिळतो, त्याला बंदी नाही.