कुंडीच्या काठावरचा पांढरा थर बुरशीचा नाही, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरहून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात येऊन दीड वर्ष झालं, गच्चीवरच्या तीस कुंड्यांपैकी अकरा गेल्या. गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात, मोगऱ्याला कळी धरत नाही, कुंड्यांच्या काठावर पांढरी बुरशी चढते. आता खत वाढवू की फवारणी करू, असं फोटोसकट विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "पाणी अजिबात वाया घालवत नाही, आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी सगळं ड्रममध्ये साठवून झाडांनाच घालते." ती ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच बाजूला ठेवून लिहायला बसले.

कुंडीला भोक, ऊन, निचरा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. खत वाढवू नका. फवारणीही नको. तो ड्रम आधी बंद करा.

आमच्याकडे हेच झालं होतं, २०१६ साली. उजनी धरण मायनसमध्ये (वापरायच्या साठ्याच्याही खाली) गेलेलं, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, गल्लीत टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. आमच्या बोअरला पाणी होतं, पण जड. डाळ शिजायची नाही, स्टीलची भांडी वाळली की पांढरे डाग. म्हणून आरओ बसवला. बसवणारा मुलगा म्हणाला, काकू, एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर जाणार. त्या दिवसांत दोन लिटर पाणी गटारात जाणार हे ऐकून पोटात गोळा आला. आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी नळी वाढवून मागच्या अंगणात निळ्या ड्रममध्ये सोडली. रोज दिवेलागणीला मी दोन बादल्या गच्चीवर चढवायची. गुडघे दुखायचे, पण मनातून पुण्य केल्यासारखं वाटायचं.

आता हिशोब बघा, तेव्हा तो कुणीच मांडला नव्हता. आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) १४०० च्या आसपास. तीन लिटर पाणी मशीनमध्ये गेलं, एक लिटर जवळजवळ गोडं होऊन वर आलं. मग त्या लिटरातले क्षार गेले कुठे? उरलेल्या दोन लिटरांत. म्हणजे ड्रममधलं पाणी २००० च्या पुढे. बोअरचं पाणी आधीच खारट, ते आणखी आटवून मी गुलाबाला पाजत होते. आणि कुंडीतून ऊन फक्त पाणी उडवून नेतं, मीठ तिथेच राहतं. रोज थोडं, रोज थोडं.

आधी पानांची टोकं जळाली, मग कडा. मला वाटलं झाडं उपाशी आहेत, म्हणून डीएपी खताचे दाणे टाकले. वर बंबातली राख. (राखही क्षारच, आणि आपली माती मुळात चुनखडीची. आजही इथे कुणी कुणाला राख टाकायला सांगितलं की मला राहवत नाही.) लिंबाने सगळी पानं गाळली. गुलाब एकेक करून काळे पडले. चाळीस कुंड्यांतल्या सव्वीस गेल्या.

इथपर्यंतचं नुकसान आठ-दहा महिन्यांचं. पुढचं वर्ष मात्र एका कार्यालयाच्या भरवशावर घालवलं. नाव घेत नाही, घेऊन काही बदलणार नाही. मला शंका आलीच होती की पाण्यात काहीतरी आहे. म्हणून शीतपेयाची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन, बोअरचं पाणी भरून गेले. पहिल्या दिवशी साहेब ट्रेनिंगला. दुसऱ्या दिवशी ही बाटली चालत नाही, आमचीच बाटली लागते, आणि ती संपलीय. तिसऱ्या खेपेला बाटली मिळाली, फॉर्म भरला, पावती फाडली. पंधरा दिवसांनी कागद हातात आला. त्यावर एक ओळ आणि शिक्का: पिण्यास योग्य.

मी विचारलं, "पण मला झाडांसाठी हवं होतं. झाडांना चालेल का?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "बाई, माणसाला चालतंय तर झाडाला न चालायला काय झालं?"

आणि मी ते मानलं! शिक्का होता ना कागदावर. त्या कागदाने फक्त पाण्यात जंतू आहेत की नाहीत एवढंच तपासलं होतं, क्षारांचा एक आकडा त्यावर नव्हता, हे मला दीड-दोन वर्षांनी कळलं. पूर्ण दोष त्यांचाही नाही म्हणा. मी बोअरचं पाणी नेलं होतं, झाडांना जात होतं ते ड्रमचं नेलंच नव्हतं. पण "ही तपासणी त्या कामाची नाही, शेतीच्या प्रयोगशाळेत जा" एवढं एक वाक्य त्या खिडकीतून आलं असतं तर माझा मोगरा वाचला असता.

हा मोगरा सासूबाईंचा. गिरणीच्या चाळीत दाराशी डालड्याच्या डब्यात लावलेला, गिरणी बंद पडल्यावर तिथून इकडे आणलेला. उन्हाळ्यात रोज ओंजळभर फुलं द्यायचा. शिक्क्याच्या कागदानंतर चौदा महिने मी त्याला त्याच ड्रमचं पाणी घातलं. शेवटच्या उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरल्या.

डोळे उघडले ते शेजारच्या अक्कांमुळे. त्यांचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, अंगणात दोन कण्हेरी, एक तगर आणि तुळस, बाकी काही नाही, पण सगळं हिरवंगार. एकदा पापड वाळत घालायला आमच्या गच्चीवर आल्या होत्या. मोगऱ्याची कुंडी बघितली, काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "अगं, मीठ हाय की हे! बुरशी कुठली?" (तुम्ही चाखू नका, खतंही असतात त्यात. चिमूटभर पाण्यात टाका, क्षार असतील तर बराचसा थर विरघळतो.)

आता तुम्ही काय करायचं. मी शेतीशास्त्र शिकलेली नाही, वीस वर्षं गच्चीवर माती उकरणारी बाई आहे, त्यामुळे माझं ऐकून महागडी झाडं पणाला लावू नका. पण दोन-तीनशे रुपयांचा पेनसारखा टीडीएस मीटर घ्या. नळ, बोअर, ड्रम, तिन्हींत बुडवा. तुमची अर्धी उत्तरं तिथेच मिळतील. त्याहून खात्री हवी असेल तर शेतीच्या माती-पाणी प्रयोगशाळेत द्या आणि तोंडाने मागा: ईसी (एकूण क्षार), पीएच (आम्ल की अल्कली), एसएआर (सोडियमचं प्रमाण), आरएससी (उरलेला कार्बोनेट). फॉर्मवर "सिंचनासाठी" असं लिहून घ्या. ईसी ०.७५ पर्यंत (डेसिसायमन प्रति मीटर या मापात) असेल तर निर्धास्त. २.२५ च्या वर गेली तर नाजूक झाडांनी मान टाकली समजा. मीटरचा टीडीएसचा आकडा ६४० ने भागला की साधारण ईसी येते, म्हणजे आमचा ड्रम तीनच्या पुढे होता.

पानं बिघडण्याचे दोन प्रकार आहेत, तेवढे वेगळे ओळखा. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर ते लोह न मिळाल्याचं. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. त्यावर पाच ग्रॅम फेरस सल्फेट एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत, तर ते मिठाचं. तुमच्या फोटोत मला दुसरं दिसतंय. मातीत फेरस सल्फेट टाकून उपयोग नाही, मी किलोभर घालवून बसलेय.

साठलेलं मीठ फक्त पाण्यानेच धुऊन निघतं. कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतायचं आणि खालून वाहून जाऊ द्यायचं. दहा इंची कुंडीला वीस लिटर! काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कुणाला हे सांगायची लाज वाटते. म्हणून हे काम पावसावर सोडा. आपल्याकडे जून-जुलै नुसते ढग दाखवतात, खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा कुंड्यांखालच्या थाळ्या काढा आणि सगळ्या कुंड्या उघड्यावर आणा. गच्चीचं पाणी ड्रममध्ये घ्या. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पाऊस पडला तरी हजार लिटर होतात. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पाईप जोडा.

लोक सांगतील कूलरचं उरलेलं पाणी घाला. नको. कूलरही पाणी उडवतो आणि मीठ मागे ठेवतो. वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो तो तोच. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र खुशाल वापरा. कोकोपीटची (नारळाच्या भुश्याची) वीट आणली तर तीही दोन-तीनदा भिजवून पाणी फेकून द्या, काही विटा चांगल्याच खारट निघतात. काळी माती कुंडीत एकटी भरू नका, मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी कडेने निघून जातं. थोडी लाल माती, थोडं जुनं शेणखत, बाकी अंदाज तुमचा. वरून शेंगांची टरफलं पसरा. सोलापुरात शेंगा सोलत नाही असं घर सापडणं कठीण. फक्त खारवलेल्या शेंगांची टरफलं नकोत, परत तेच.

माझं मत विचाराल तर गुलाबाचा हट्ट सोडा. कोल्हापूरच्या पाण्यावर तो फुलला म्हणून इथे फुलेलच असं नाही, आणि नर्सरीवाले शेड-नेटखालचं, गोड्या पाण्यावरचं टवटवीत रोप विकून मोकळे होतात. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, चाफा, कोरफड ही मंडळी बोअरवर निभावतात. फळ हवं असेल तर मोठ्या पिंपात डाळिंब लावा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला उगाच नाही. हे वाचून गुलाबवाले भांडायला येतील, त्यांच्या घरी नळाचं पाणी मुबलक असणार.

आणि झाडं विकत घेण्याआधी महिनाभर बागांमधून हिंडा. मी हे उशिरा शिकले. किल्ल्याशेजारच्या हुतात्मा बागेत, विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारात, कंबर तलावाच्या काठाने फिरताना नुसती हवा खाऊ नका. एप्रिलच्या शेवटी कुठलं झाड पाणी न मागता उभं आहे ते बघा. वनविहारात कडुलिंब आणि बाभळी बघून मला आधी कंटाळा यायचा, आता त्यांच्याकडे बघूनच कुंड्या ठरवते. बागेतल्या माळीमामांना विचारा, "मामा, हे कुठल्या पाण्यावर आहे?" त्या एका प्रश्नावर मला दोनदा अर्धा-अर्धा तास ऐकायला मिळालंय, आणि एकदा तगरीच्या चार काड्याही. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाच्या आधी मात्र जाऊ नका. दगडी बाकावर टेकलात तर तव्यावर बसल्यासारखं होतं. माझ्या नातीने एकदा किंकाळीच फोडली होती.

पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कुंड्या आधी हलवा. पन्नास टक्के सावलीचं हिरवं नेट मार्चमध्येच बांधा, मे उजाडल्यावर बाजारात भाव वाढतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना पोतं गुंडाळा. पाणी पहाटे.

तुमचा मोगरा अजून उपटून टाकू नका. एका काडीची साल नखाने जराशी खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. काड्या अर्ध्यावर छाटा, वरची दोन बोटं माती काढून नवी घाला, सावलीत ठेवा आणि नळाचं पाणीच द्या, थोडं असलं तरी चालेल. मी नख लावून बघितलंच नव्हतं, काड्या बघून कुंडी उपडी केली. आता गच्चीवर आहे तो मोगरा नणंदेकडचा, तिने त्याच चाळीतून एक फांदी नेली होती. मागच्या मे महिन्यात सात फुलं आली.

ड्रमचं पाणी फेकायचं जिवावर येत असेल तर संडासात, ओटा-मोरी धुवायला वापरा. फरशी पुसायला नको, पांढरे डाग पडतात आणि मग ते काढायला चांगलं पाणी लागतं. मीटरचे तिन्ही आकडे आले की इथेच लिहा, बघू.