इतिहास-राज्यशास्त्राचा दर आठवड्याचा स्वाध्याय वहीत उतरवून खरंच काही येतं का?

तुमची मुलगी नववीत आहे, दर आठवड्याला तासाला धड्याखालचा स्वाध्याय वहीत लिहून घेतात, राहिलेला ती घरी गाईड समोर ठेवून उरकते, आणि तुम्ही विचारताय की याचा उपयोग काय, घरी वेगळं काय करून घ्यावं.

उपयोग आहे. शाळेला. तपासणीला कोणी आलं की दाखवायला वही लागते.

मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत हाच विषय शिकवत आले, आणि ह्याच एका गोष्टीवरून आमच्या पर्यवेक्षकांशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मुलीची वही न बघताच सांगते. समास, तारीख, योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा, संकल्पनाचित्र. शेवटी ‘उपक्रम’, जो कोणीच करत नाही. खाली लाल शाईची एक लांब रेघ आणि सही. साठ-साठ पोरांच्या तुकड्या असल्यावर बाई तरी काय वाचणार? त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पूर्ण वही म्हणजे झालेला अभ्यास असं मानणाऱ्यांवर.

गंमत म्हणजे पुस्तक चांगलं आहे. २०१७ पासूनचं नववीचं पुस्तक सुरूच होतं ते ‘इतिहासाची साधने’ ह्या धड्याने. लिखित, भौतिक, मौखिक, दृक्-श्राव्य. चारही नावं पोरांना तोंडपाठ असतात. त्यातलं एकही साधन वर्षभरात कोणाच्या हाताला लागत नाही.

एका वर्षी ‘आर्थिक विकास’ हा धडा चालू होता. शुक्रवारी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: आपल्या शिवारातला पाझर तलाव कधी झाला आणि कोणी बांधला? गावातल्या किमान दोन माणसांना विचारा, कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहा. पोरं खूश, कारण एकच प्रश्न. शिवाय उत्तर गाईडमध्ये नाही म्हटल्यावर काहीजणांनी तो सुट्टीच समजला.

सोमवारी वर्गात पहिली येणारी मुलगी रडवेली होऊन आली. मोत्यांसारखं अक्षर, कधी स्वाध्याय चुकवला नाही. म्हणाली, “बाई, बरोबर उत्तर कुठलं लिहू?” आजी म्हणते तलाव बाहात्तरचा, दुष्काळातला, तिने स्वतः तिथे पाट्या उचलल्यात. आजोबा म्हणतात छे, काम निघालं ते पुढच्या सालच्या उन्हाळ्यात. त्यावरून घरात दोघांचं वाजलं. मग ही चुलतभावाला घेऊन तलावावर गेली, तर तिथल्या दगडावर १९७५ कोरलेलं.

मी सांगितलं, सगळं फळ्यावर लिही. पुढचा अख्खा तास वर्ग भांडला. एक म्हणाला दगड सरकारी, तोच खरा. दुसरा म्हणाला दगड काम पुरं झाल्यावर बसवतात, सुरू झाल्यावर नाही. तिसऱ्याने विचारलं, आजी पाट्या उचलत होती तेव्हा घरात कोण तान्हं होतं? मुलगी म्हणाली, थोरला काका. मग काय, काकाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा! दुसऱ्या दिवशी दाखला आला. जन्मतारीख १ जून. वर्ग हसून लोळला, कारण आमच्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीख ती, आणि साल तरी कशावरून खरं?

म्हणजे आजीवर विश्वास ठेवावा तर आजोबा आडवे, दगडावर ठेवावा तर तो शेवटचं सांगतो, आणि कागदावर ठेवावा तर कागद गुरुजींच्या सोयीचा. हे सगळं नववीच्या पोरांनी स्वतः काढलं. मी खडू देण्यापलीकडे काही केलं नाही. त्या मुलीने शेवटी वहीत लिहिलं की काम दुष्काळात सुरू झालं असावं, पुरं व्हायला दोन-तीन वर्षं गेली असावीत, आजी-आजोबांपैकी कोणाचं साल बरोबर ते ठरवता येत नाही. त्या वहीत तोवर असं एकही वाक्य नव्हतं ज्याच्याबद्दल तिला शंका असेल.

त्यानंतर मी बाकीचं सांगितलं आणि ते एका तासात डोक्यात बसलं. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीने देशासाठी केलेल्या रोजगार हमीच्या कायद्याला वाट ह्याच योजनेने दाखवली. एका मुलाने विचारलं, म्हणजे आजीला काम मिळालं तेव्हा सरकारची मर्जी होती, आणि कायद्यानंतर मागितल्यावर द्यावंच लागतं? राज्यशास्त्रात हक्क समजावताना मी ह्याहून चांगलं वाक्य कधी बोलले नाही. घराघरांतून दुष्काळात वाटलेली सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी यांच्या आठवणी आल्या त्या वेगळ्याच. एकीच्या आजीने तर सुकडीचं नाव काढल्यावर अजून तोंड वाकडं केलं म्हणे.

आणि मग वही तपासणी झाली.

‘धडा ४, स्वाध्याय अपूर्ण’ असा शेरा माझ्या तुकडीच्या वह्यांवर पडला. पर्यवेक्षक शिक्षककक्षात सगळ्यांदेखत म्हणाले, “हा इतिहास नव्हे बाई, पारावरच्या गप्पा आहेत.” वर लेखी खुलासा मागितला. मी दिला. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच धड्यात मौखिक साधने दिलेली आहेत. सदर विद्यार्थिनीने दोन मौखिक, एक भौतिक व एक लिखित साधन तपासून निष्कर्ष काढला आहे. गाईडमधून आठ उत्तरे उतरवल्यास ती किती साधने तपासेल, कृपया मार्गदर्शन व्हावे. मार्गदर्शन आलं नाही. खुलासा फाइलला लागला.

आता ते पर्यवेक्षक सेवानिवृत्त आहेत, मीही आहे, आणि आम्ही दोघं आजी-माजी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहोत. रोज सकाळी साहेबांचा ‘आपल्यापासून लपवलेला खरा इतिहास’ येतो. लेखक नाही, साल नाही, कुठल्या कागदावरून ते नाही. तीस वर्षं पोरांच्या वह्या पूर्ण करून घेणाऱ्या माणसाला एकदाही ‘कशावरून?’ विचारावंसं वाटत नाही. मी ग्रुपवर विचारते. मग दोन दिवस शांतता.

तर तुमचं. शाळेचा स्वाध्याय तिला उतरवू द्या. अंतर्गत गुण त्यावर असतात, त्यासाठी शाळेशी भांडू नका, वीस मिनिटांत उरकू द्या. त्यात शिकण्यासारखं काही शोधत बसू नका. रविवारी एकच प्रश्न तुम्ही घाला, ज्याचं उत्तर माणसाकडे असेल. तुम्ही डोंबिवलीचे म्हणता, मग गिरणी कामगारांचा संप तर सोन्याची खाण आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तुमच्या इमारतीत, नात्यात कोणीतरी गिरणीतला असणारच. तो संप कधी संपला हे दोघांना विचारायला सांगा आणि उत्तरं जुळतात का ते बघा.

किंवा घरात जुनं मतदान विचारा. ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ते १९८९ मध्ये लागू झालं. घरातल्या कोणाला त्यामुळे नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभेला मत देता आलं, जे एरवी आलं नसतं? जन्मसालं मांडून मुलीलाच शोधू दे. (१ जूनवाल्यांपासून सावध.)

नववीच्या राज्यशास्त्राचं मात्र अवघड आहे. ते सगळं आंतरराष्ट्रीय संबंधांवर आहे आणि संयुक्त राष्ट्रे आजीला विचारून कळत नाहीत. तिथे मी वर्तमानपत्र वापरायची. सुरक्षा परिषदेचे १५ सदस्य, त्यातले ५ कायम आणि नकाराधिकार फक्त त्या पाचांना, एवढं सांगून बातमीतला एखादा ठराव द्यायचा: कोणी अडवला आणि त्यात त्याचं काय जात होतं? पाच ओळी पुरतात. दहा लिहायला सांगितल्या की पोरं पुन्हा गाईडकडे वळतात.

हे सगळं नववीपर्यंत. दहावीला मी स्वतः पद्धत बदलायची. ४० गुणांची पत्रिका दोन तासांत लिहायची असते, तिथे हाताला वेग लागतो आणि ‘सकारण स्पष्ट करा’चा साचा अंगवळणी लागतो. पहिल्याच धड्यावर विचारतात की आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण. तिथे व्हॉल्टेअर लिहून पुढे सरकायचं, कशावरून विचारत बसायचं नाही. अंतर्गत गुण म्हणजे खिरापत असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, पण २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते गुण काढले तेव्हा दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्याच वर्षी गुण परत द्यावे लागले. अभ्यासक्रमही तेव्हाच बदलला होता, म्हणून सगळं त्या गुणांवर ढकलत नाही. तरी खिरापत असो, ती सोडू नका.

आणि प्रत्येक पोराच्या घरी सांगणारी आजी असतेच असं नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं माझ्याही वर्गात होती. त्यांना मी गावातलं दुसरं माणूस शोधून द्यायची. तुमच्याकडे तसं असेल तर शेजारी बघा, वाचनालयात बसणारे बघा, रिक्षा स्टँडवर बघा.

मुलीच्या वहीवर ‘अपूर्ण’ असा शेरा आला तर सही करून द्या. खुलासा मागितला तर मला कळवा. मसुदा तयार आहे, फक्त धड्याचा क्रमांक बदलावा लागेल.