नवा गेम येईपर्यंत

अरे, नव्या शेतीच्या गेमची वाट बघतोयस ना, तोवर स्टारड्यू व्हॅली खेळून घे. 2016 चा आहे, एकट्या एरिक बॅरोनने चारेक वर्षं खपून केलेला. सुरुवातीला पार्सनिपचं (गाजरासारखी कंदभाजी) 15 बी मिळतं, ते चार दिवसांत तयार. आलेले पैसे उधळू नकोस! गेममधल्या वसंताच्या 13 तारखेला एग फेस्टिव्हल नावाचा उत्सव असतो, तिथे स्ट्रॉबेरीचं बी घे, त्याच दिवशी लाव, रोज पाणी घाल. 28 दिवसांचा वसंत संपायच्या आत दोन तोडे निघतात. उशीर केलास तर ऋतू पालटताच उभं पीक जातं. कोथरूडच्या गॅलरीत बसून पहिला तोडा काढला तेव्हा मी घरभर सांगत सुटलो होतो. पाऊस पडला की पाणी घालायचं नसतं, त्या दिवशी खाणीत उतर.