मुलीला सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचंय

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलीला तीन भाषा उत्तम येतात, ती एखादी परदेशी भाषा घेईल असं तुम्ही धरून चालला होतात आणि आता ती म्हणते, सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं. तुमचे प्रश्न दोन: हातवाऱ्यांत शिकण्यासारखं असं असणार किती, सहा महिन्यांत आटोपेल ना? आणि खुणांचा आवाज करणारे हातमोजे येताहेत, मग हे काम उरेल का?

पहिल्या प्रश्नावरच मी जास्त लिहिणार आहे. तो नीट उलगडला की दुसऱ्याचं उत्तर त्यातच सापडतं.

तुम्हाला जे वाटतं ते एकेकाळी जाणकारांनाही वाटत होतं. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेक खूण म्हणजे हवेत काढलेलं अखंड चित्र नसतं, ती सुट्या भागांची बनते, हे त्यांनी दाखवून दिलं: हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल. मराठीत ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांच्यात एकाच ध्वनीचा फरक आहे. तसं त्या भाषेत पसरलेल्या पंजाचा अंगठा हनुवटीला टेकवला की ‘आई’, तोच पंजा कपाळाला टेकवला की ‘वडील’.

इथवर दोन्ही प्रकारच्या भाषा सारख्याच. पुढे वाट वेगळी होते आणि मुलीचा कस तिथेच लागेल. बोलताना शब्द एकामागून एक यावे लागतात, कारण तोंड एकच. कोणी कोणाला दिलं हे सांगायला मराठी ‘ने’ आणि ‘ला’ जोडते. अमेरिकन सांकेतिक भाषेत आईसाठी समोरच्या हवेत डावीकडे जागा ठरवतात, मुलासाठी उजवीकडे. मग ‘देणे’ची खूण डावीकडून उजवीकडे नेली की विभक्तीचं काम झालं. त्याच क्षणी भुवया वर गेल्या तर ‘दिलं का?’ आणि मान नकारार्थी हलली तर ‘दिलं नाही’. चेहरा फक्त भावना दाखवायला असतो असं समजणारा विद्यार्थी अर्धं व्याकरण गाळून बसतो. मुरलेली माणसं ऐकताना हातांकडे टक लावून पाहत नाहीत, त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर असते. कानाने शिकायची सवय लागलेल्या मुलीला ही नजर कमवायलाच बरेच महिने जातील.

एक खूण करायला एका शब्दाच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. पण उर्सुला बेलुजी आणि सुझन फिशर या अभ्यासकांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बोललेल्या इंग्रजीशी केलेल्या तुलनेत आशय पोचण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच निघाला. बोलणारा जे ओळीने मांडतो, ते हात, चेहरा आणि जागा मिळून एकाच वेळी मांडतात. मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

म्हणूनच एका शब्दाला एक खूण असा हिशोब चालत नाही. ‘दार उघडलं’ हे मराठीत दोन शब्दांत भागतं. खूण करताना हात दारासारखा चालतो, त्यामुळे ते सरकवलं की ढकललं हे ठरवावं लागतं, आणि वक्त्याने तर ते सांगितलेलंच नसतं. शिवाय मराठी वाक्यातलं ‘नाही’ बहुधा अगदी शेवटी येतं. तोवर सगळं मनात धरून ठेवायचं, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. लांब कार्यक्रमात दोन दुभाषी वीसेक मिनिटांनी आलटून पालटून काम करतात ते याच थकव्यामुळे.

आता हातमोजे. ते बोटांची हालचाल टिपतात. भुवया आणि मान त्यांना दिसत नाही, म्हणजे ‘दिलं’, ‘दिलं का?’ आणि ‘दिलं नाही’ यांत त्यांना फरक कळत नाही. रुग्णालयात किंवा न्यायालयात एवढी चूक केवढ्याला पडेल! कॅमेऱ्यावर चालणारी तंत्रं चेहराही टिपू शकतात, त्यांच्यावर मुलीने लक्ष ठेवावं. पण त्यांना शिकवायला आणि तपासायलाही दोन्ही भाषा अंगात मुरलेली माणसं लागतात. अध्यापन आणि भाषाविज्ञानातलं संशोधन याही वाटा आहेत.

कोणती सांकेतिक भाषा शिकायची, हे मात्र आधी ठरवा. जगभर एकच चालते हा गैरसमज आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत इंग्रजी समान असली तरी तिथल्या सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. मुळाक्षरंसुद्धा ब्रिटिश दोन हातांनी दाखवतात, अमेरिकन एका हाताने. अमेरिकन भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा निघाली तेव्हा लॉरां क्लेर हे कर्णबधिर शिक्षक फ्रान्सहून तिथे आले होते. ज्या लोकांत काम करायचं, त्यांचीच भाषा तिने शिकावी.

आणखी एक गोष्ट तिला सांगा. १८८० मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी तोंडी बोलण्यावर आधारित शिक्षणाच्या बाजूने ठराव केला आणि पुढे कितीतरी शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाल्या. ते ठराव त्याच मालिकेतल्या परिषदेने नाकारले ते थेट २०१० मध्ये, कॅनडात व्हँकुव्हरला. त्यामुळे ऐकू येणारी नवशिकी व्यक्ती ‘मी तुमच्या वतीने बोलते’ म्हणत आली की अनेक कर्णबधिर मंडळी सावध होतात, आणि ते रास्त आहे. दुभाष्याने बोलणं पोचवायचं असतं, स्वतःचं मत किंवा सल्ला त्यात मिसळायचा नसतो.

सहा महिन्यांत तिला ओळखीपाळखीचं बोलता येईल. दुभाषी म्हणून उभं राहायला निदान तीन-चार वर्षं धरा, आणि त्या काळात तिची मराठी-इंग्रजी आणखी पक्की होऊ द्या. तिच्या तीन भाषांतलं काहीही वाया जाणार नाही. वर्ग निवडताना आधी चौकशी करा की शिकवणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर आहे का आणि वर्गाबाहेर कर्णबधिर मंडळींत वावरायची सोय आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तिचं नाव नोंदवा आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर तिलाच मला लिहायला सांगा.