रोज रँक्ड खेळतो, पण आता गेममध्ये मन लागत नाही. हा बर्नआउट म्हणायचा की आवडच संपली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २३. कॉलेजात मोबाईलवर बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो, असे शूटिंग गेम) खेळलात, आता पीसीवर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा वस्ती वाढवून सैन्य उभारायचा गेम रँक्ड खेळता, म्हणजे हार-जितीवर रेटिंग बदलणाऱ्या मॅच. रेटिंग ११०० च्या आसपास येऊन अडकलंय. सेलमध्ये घेतलेले मोठे स्ट्रॅटेजी गेम तासाभरात बंद होतात. रात्री गेम उघडायचा कंटाळा येतो, तरी उघडला जातो, आणि दोन मॅच हरल्या की ‘एक जिंकून झोपू’ म्हणता म्हणता दीड वाजतो. हे नक्की काय आहे आणि ग्राफिक्स कार्ड विकून मोकळं व्हावं का, असं विचारलंय.

आवड संपलेली नाही. आवड संपली की माणूस गेम काढून टाकतो आणि महिन्याभरात त्याला त्याची आठवणही येत नाही. तुम्ही तर जेवताना अजून प्रो मॅचेस बघताय, असं स्वतःच लिहिलंय. तुम्ही दमला आहात. मीही याच वाटेने आलोय. सांगलीतल्या नेट कॅफेतलं काउंटर-स्ट्राइक, मग घरच्या कॉम्प्युटरवर टोटल वॉर, मग क्लॅनवाले (गट करून खेळायचे) मोबाईल गेम, मग रँक्ड. त्यावरून सांगतो, या थकव्याचं मूळ तासांपेक्षा आपण प्रगती कशाला म्हणतो यात जास्त असतं.

गेममध्ये प्रगती दोन ठिकाणी होते. एक खात्यात होते, दुसरी खेळणाऱ्याच्या हातात आणि डोक्यात. पडद्यावर दोन्ही सारख्याच चमकतात, म्हणून गल्लत होते.

खात्यातली प्रगती म्हणजे लेव्हल, स्किन (पात्राची किंवा बंदुकीची सजावट), टियर (क्रमवारीतली पायरी), बॅटल पास (मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायची विकतची योजना). ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा गाव उभारण्याचा मोबाईल गेम २०१२ साली आला, त्यात हे अगदी उघड दिसतं. वरच्या टाउन हॉलला, म्हणजे गावाच्या वरच्या पातळीला, एकेका अपग्रेडला दिवसच्या दिवस लागतात, बिल्डर मोजके, आणि जो रोज न चुकता येतो त्याचं गाव मोठं होतं. त्यातही हल्ला आखण्याचं कौशल्य आहेच, दोन क्लॅनमधल्या वॉरमध्ये ते दिसतं. पण भिंतींचा रंग बदलतो तो मुख्यतः वेळ दिल्याने. बॅटल रॉयलमध्ये ब्राँझपासून कॉन्कररपर्यंत चढायचं, सीझन संपला की टियर खाली येतो, पुन्हा चढायचं. इथे थांबणाऱ्याचं नुकसान होतं, अशीच रचना असते. लॉगिनचं बक्षीस आजचं आजच, पास अमुक तारखेपर्यंतच. त्यामुळे खेळावंसं वाटतंय म्हणून खेळण्याचे दिवस कमी होत जातात आणि चुकवायचं नाही म्हणून खेळण्याचे वाढत जातात.

अशाच एका क्लॅनवाल्या गेममध्ये (नाव घेत नाही) मी को-लीडर होतो. मावसभावाच्या हळदीला सगळे अंगणात, आणि मी जिन्यावर बसून ग्रुपवर लिहितोय, ‘दोघांचे अटॅक बाकी आहेत, कोण आहे जागं?’ समोरून कुणीतरी नाशिकहून, कुणी दुबईहून उत्तर देतंय. ती माणसं खरोखर चांगली होती, त्यांतल्या दोघांशी आजही बोलणं आहे. पण त्या रात्री मी गेम खेळत नव्हतो, हजेरी घेत होतो. पगार नसलेली सुपरवायझरची नोकरी होती ती. बर्नआउट हा शब्द मुळात कामाच्या संदर्भातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणामध्येही तो नोकरीतल्या साचलेल्या ताणासाठीच वापरलाय. गेमने नोकरीचं रूप घेतलं की तो गेमरलाही बरोबर लागू पडतो.

खातं किती कच्चं असतं ते आपल्या पिढीने पाहिलंय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल हा बॅटल रॉयल गेम होता. ३० ऑक्टोबरला इथली सेवा बंदच झाली. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती, बीजीएमआय, आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परतला. मधल्या महिन्यांत स्किन, टियर, सगळं हवेत लटकलं होतं. ज्यांचा रिकॉइलवर (गोळी झाडताना बंदुकीला बसणाऱ्या झटक्यावर) हात बसलेला होता, झोन (खेळायची आकसत जाणारी जागा) कुठे सरकेल याचा अंदाज होता, ते परत आल्यावर थोड्या दिवसांत पूर्वीसारखे खेळू लागले.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे ११०० कडे.

हे रेटिंग एलो पद्धतीचं आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. हिशोब साधा आहे. बरोबरीच्याला हरवलं तर जेवढे गुण मिळतात, हरलं तर तेवढेच जातात. दोघांत ४०० गुणांचं अंतर असेल तर वरचा साधारण दहास एक या प्रमाणात जिंकायला हवा. मॅचमेकिंग तुम्हाला शक्यतो बरोबरीचाच गडी देतं. म्हणजे तुम्ही सुधारलात की समोरचाही वरचा येतो आणि तुमचे विजय पुन्हा निम्म्यावर. ८०० वर निम्म्या मॅच हरत होता, ११०० वरही निम्म्या हरता, १८०० ला पोचलात तरी निम्म्याच हराल. हरण्याची चव मात्र प्रत्येक पायरीवर तीच. रोज रात्री निम्म्या वेळा हरणं आणि त्यालाच आपली लायकी समजणं, याने कुणीही दमेल.

म्हणून रँक्ड खेळणाऱ्याने प्रगती रेटिंगमध्ये शोधू नये, मॅचच्या आत शोधावी. एज ऑफ एम्पायर्सचंच एक उदाहरण नीट उघडून दाखवतो.

सुरुवातीला तुमच्याकडे टाउन सेंटर (माणसं तयार करणारी मुख्य इमारत), तीन व्हिलेजर (कामकरी) आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) असतो. एका व्हिलेजरला ५० फूड लागतं आणि गेमच्या घड्याळाने तो २५ सेकंदांत तयार होतो. टाउन सेंटरमध्ये जागा पाच जणांचीच, म्हणून पहिल्या क्षणी घरं बांधायला माणसं पाठवावी लागतात. मग मेंढ्या, मग लाकूड, मग रानडुक्कर: एक बाण मारून त्याला टाउन सेंटरकडे ओढत आणायचं, कारण एका डुकरात ३४० फूड असतं आणि ते दूर मारलं तर नेण्या-आणण्यातच वेळ जातो. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे. पण आता तुमच्या हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग उघडा आणि फक्त टाउन सेंटरकडे बघा, बाकी काही नाही. डुक्कर ओढताना, स्काउटने शत्रूची मेंढी पळवताना, पहिले तिरंदाज लाकूडतोड्यांवर आल्यावर ते किती वेळ रिकामं उभं आहे? एकूण दोन मिनिटं रिकामं राहिलं तर जवळपास पाच व्हिलेजर कधी जन्मलेच नाहीत. सुरुवातीच्या काळात पाच माणसं म्हणजे एक अख्खी लाकडाची टोळी. शेवटी तुम्हाला वाटतं समोरच्याच्या नाइट्सने, म्हणजे घोडदळाने, हरवलं. हरवलं त्या रिकाम्या दोन मिनिटांनी.

मी ११०० च्याच आसपास अडकलो होतो तेव्हा एका जाणकाराने मला एवढंच बघायला लावलं. त्यानंतर काही आठवडे मी प्रत्येक मॅचला एकच गोष्ट मोजली, टाउन सेंटर रिकामं किती राहिलं. मॅच हरलो तरी तो आकडा कमी झाला की बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं टिकायचं. आज खेळून पुढे गेलो याची खात्री समोरच्या गड्याच्या हातात राहिली नाही. रेटिंग पुढे वाढलं, पण उशिरा.

मोठ्या स्ट्रॅटेजी गेमचं म्हणाल तर तुमची वेळ चुकतेय, आवड नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ १४४४ सालापासून सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. त्यात बहमनी राज्य फुटताना बघायचं आणि त्यातून मराठ्यांचं राज्य उभं करायचं, यासारखं सुख मला फार थोड्या गेमनी दिलंय. पण तो गेम वाचावा लागतो. नकाशावर क्लिक करण्यापेक्षा विचार करण्यात जास्त वेळ जातो. रँक्डच्या तीन मॅच खेळून तापलेलं डोकं घेऊन रात्री साडेबाराला तो उघडला तर कंटाळाच येणार. हे गेम रविवारी सकाळी, चहा झाल्यावर खेळायचे असतात. या प्रकारातला माझा सुरुवातीचा गेम ‘एम्पायर: टोटल वॉर’ होता, २००९ चा. मोहीम १७०० साली सुरू होते आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं. पानिपत टाळता येईल का, हे बघायला आम्ही मित्र सुट्टीत आळीपाळीने बसायचो. पराभव झाला तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण तो आमचा सगळ्यांचा असायचा.

या गेमांत एक वेगळा कंटाळाही असतो, त्याला बर्नआउट समजू नका. ‘सिव्हिलायझेशन’ या पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये निकाल बऱ्याचदा अर्ध्यातच लागलेला असतो. आपण जिंकणार हे कळलेलं असतं आणि उरलेले शंभर टर्न नुसते ‘नेक्स्ट टर्न’ दाबायचे असतात. तिथे खुशाल थांबा. सेव्ह फाइल पुरी करण्याची सक्ती कुणी केलेली नाही.

विश्रांतीने हात जाईल, ही भीतीही तुम्ही लिहिलीय. डोटा २ या सांघिक गेममधला ओजी हा व्यावसायिक संघ २०१८ मध्ये व्हँकुव्हरला ‘द इंटरनॅशनल’ ही त्या गेमची मोठी स्पर्धा जिंकला. त्यातला अ‍ॅना हा खेळाडू जिंकल्यावर काही महिने संघापासून दूर राहिला, २०१९ मध्ये परतला आणि त्याच वर्षी शांघायला हाच संघ पुन्हा जिंकला. लागोपाठ दोनदा ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला संघ. एवढ्या वरच्या पातळीवर विश्रांती परवडत असेल तर ११०० वर नक्कीच परवडते. परतल्यावर पहिल्या काही मॅच बोटं अडखळतील, हॉटकी (शॉर्टकट बटणं) चुकतील. तेवढंच.

म्हणून माझ्या मते असं करा. दोन-तीन आठवडे रँक्ड पूर्ण बंद. एज ऑफ एम्पायर्स सोडायचं नाही, पण खेळायचं ते ओळखीच्या लोकांबरोबर, ब्लॅक फॉरेस्ट या नकाशावर संगणकाविरुद्ध, बोलत बोलत. २०२२ च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या त्याच गेमच्या पुरवणीमधली राजेंद्र चोळाची मोहीम खेळली नसेल तर ती खेळा, तिथे रेटिंग नाही. बॅटल पास कुठल्याच गेमचा घेऊ नका, नोटिफिकेशन बंद. रँक्डला परताल तेव्हा किती मॅच खेळायच्या ते बसण्याआधी ठरवा आणि निकाल काहीही लागो, तिथे उठा. ‘एक जिंकून झोपू’ या वाक्यात उठण्याची वेळ तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात देता. तो हरेपर्यंत तुम्ही जागे.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. मजा येत नाही हा एक प्रकार, आणि थांबताच येत नाही हा वेगळा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नोकरी-अभ्यास-झोप यांचं नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण १२ महिने चाललंय, असं असेल तर आयसीडी-११ मध्ये त्याला गेमिंग डिसऑर्डर म्हटलंय. मग इथली उत्तरं वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून खास यासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक चालतं. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं मला वाटत नाही. नोकरी व्यवस्थित चाललीय, शनिवारी ट्रेकला जाता. पण दीड वाजेपर्यंतचं जागरण रोजचंच असेल तर ते आधी थांबवा, बाकीचं नंतर.

ग्राफिक्स कार्ड विकू नका. एज ऑफ एम्पायर्स २ ला तसंही ते फारसं लागत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत टोटल वॉर खेळावासा वाटला तर नवं घ्यायला आज बरेच पैसे पडतील. रेकॉर्डिंगमधलं टाउन सेंटर बघून झालं की खाली कमेंटमध्ये आकडा लिहा. एज ऑफ एम्पायर्समध्ये कोणती सिव्हिलायझेशन (कुठले लोक) घेऊन खेळता तेही सांगा, तुमच्या ओपनिंगबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या चालींबद्दल, मग नेमकं बोलता येईल.